जहाज बाहेर, बेट आत

लक्षद्वीपला जाणारं जहाज बेटाच्या अगदी जवळ येतं, पण सहसा बेटाला लागत नाही. बेटाच्या एका अंगाला प्रवाळाचं कडं असतं. कडं आणि किनारा यांच्यामध्ये उथळ, हिरवट-निळं लगून असतं, आणि कड्याबाहेर समुद्राचा तळ एकदम खोल गेलेला असतो. कड्यात एखाद-दुसरी वाट असते. तिच्यातून होडी आत जाते, जहाज जात नाही. काही बेटांवर पूर्वेच्या बाजूला धक्के बांधले आहेत, पण ती बाजू खुल्या समुद्राची आहे. वारा पडलेला असेल तरच तिथे काम होतं. त्यामुळे कोचीहून सहलीला निघालेल्या माणसाचं बेटावरचं पहिलं पाऊल बहुतेक वेळा जहाजाच्या कुशीतल्या दरवाजातून, एका हलत्या होडीत पडतं.

कोचीहून निघणाऱ्या ‘समुद्रम्’ सहलीत कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही तीन बेटं दाखवतात. दिवस बेटावर, रात्र जहाजावर. ‘एम. व्ही. कवरत्ती’ हे जहाज विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डमध्ये बांधलेलं आहे आणि सुमारे सातशे माणसं नेतं. त्यात पर्यटक थोडे असतात. बाकीची मंडळी बेटांवरचीच: कोचीत शिकणारी मुलं, दवाखान्यातून घरी परतणारे रुग्ण, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या बायका. हे आधी त्यांच्या येण्याजाण्याचं साधन आहे. आपण त्यांच्याबरोबर सहलीला जातो.

कल्पेनीला पोचल्यावर पाण्यालगतचा बाजूचा दरवाजा उघडला, तेव्हा मी त्याच्या शेजारीच उभी होते. हे काम कसं चालतं ते मला नीट पाहायचं होतं. जहाज असं उभं केलेलं असतं की वारा आणि लाट पलीकडच्या अंगावर यावी आणि दरवाजाच्या बाजूला आडोसा मिळावा. तरीही पाणी स्वस्थ नसतंच. होडी कधी दरवाजाच्या उंबऱ्याच्या वर येते, कधी कमरेइतकी खाली जाते. दरवाजात दोन खलाशी, होडीत दोन. होडीतला सुकाणूवाला इंजिन हळू चालू ठेवून तिचं नाक जहाजाला दाबून धरतो, म्हणजे मध्ये फट पडत नाही.

सगळी गोम वेळेत आहे. होडी वर येते आणि उतरायला लागण्याआधी क्षणभर थांबते. पाऊल टाकायचं ते त्याच क्षणी. होडी वर चढत असताना पाऊल टाकलं तर गुडघ्याला झटका बसतो. खाली जात असताना टाकलं तर माणूस हवेत राहतो. खलाशी प्रवाशाच्या पायांकडे बघतच नाहीत, त्यांची नजर चार-पाच लाटा पुढे असते. पंजा पंजात धरत नाहीत, मनगट धरतात, कारण ओला पंजा निसटतो. माझ्या पुढे पुण्याच्या एक काकू होत्या, नऊवारीत, वर नारिंगी लाइफ जॅकेट. त्यांचा मुलगा मागून म्हणत होता, “आई, पिशवी माझ्याकडे दे, हात मोकळे ठेव.” खलाशानं त्यांचं मनगट धरून ठेवलं, “रुको, अम्मा, रुको,” असं म्हणत दोन लाटा जाऊ दिल्या आणि तिसरीला “आओ” म्हटलं. काकू होडीत उभ्या होत्या, आणि आपण कधी आलो हे त्यांनाही कळलं नव्हतं.

कोकणातल्या जुन्या माणसांना हे नवीन वाटणार नाही. मुंबईहून आगबोटी जात तेव्हा अनेक बंदरांवर बोट बाहेर थांबे आणि पडाव येऊन माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या उतरवून घेत. रस्ते झाले, आगबोटी बंद पडल्या आणि पडावावरची ती विद्याही आपल्या किनाऱ्यावरून गेली. लक्षद्वीपमध्ये ती रोजच्या वापरात आहे, कारण तिथे तिच्यावाचून गॅसचा सिलिंडरसुद्धा घरी पोचत नाही.

कड्याच्या वाटेतून होडी आत शिरली की लाटेचा आवाज मागे राहतो. लगूनमध्ये सुकाणूवाला सरळ जात नाही. पाण्याचा रंग बघत नागमोडी जातो. पांढरट हिरवा म्हणजे वाळू, तपकिरी डाग म्हणजे प्रवाळ. ओहोटीला काही ठिकाणी पाणी इतकं कमी असतं की जरा चुकलं तर तळ घासतो. यात होडीचं नुकसान होतं आणि प्रवाळाचंही.

कल्पेनीवर शहाळं हातात देऊन स्वागत होतं. पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळाच्या दगडांचा मोठा बांध दिसतो. 1847च्या वादळानं तो समुद्रातून उचलून टाकला असं मानतात. लगूनमध्ये तोंडाला नळी लावून पोहायला नेणारे तरुण पाण्यात उतरण्याआधी सगळ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: दमलात तर पाठीवर तरंगा, पण प्रवाळावर उभे राहू नका. 1998, 2010, 2016 आणि अलीकडे 2024मध्ये पाणी तापल्यामुळे इथले प्रवाळ पांढरे पडले. प्रवाळाला बरं व्हायला वर्षं लागतात, आणि त्या वर्षांत कुणाचा पायही त्यावर पडणं परवडत नाही. हे कडंच बेटाचं लाटांपासून रक्षण करतं. ते खचलं तर बेटही राहणार नाही.

मिनिकॉय बाकीच्या बेटांपासून दूर, दक्षिणेला आहे. मधे नऊ अंशांची खाडी, पलीकडे आठ अंशांची खाडी आणि मग मालदीव. भाषाही मालदीवच्या जवळची, महल. 1885च्या दीपस्तंभावरून सगळं बेट आणि लगून एका नजरेत येतं. मला तिथली ट्यूनाची मासेमारी सगळ्यात जास्त आवडली. आधी लगूनमध्ये जाळ्यानं छोटे मासे पकडतात आणि होडीतल्या हौदात जिवंत ठेवतात. हौदात समुद्राचं पाणी खेळतं राहतं. बाहेर ट्यूनाचा थवा दिसला की हे मासे मूठ-मूठ फेकतात आणि पाण्यावर फवारा मारतात. पृष्ठभाग खळबळला की ट्यूना त्याला भक्ष्य समजून धावतो. मग होडीच्या काठावर ओळीनं उभे असलेले लोक गळाच्या काठ्या टाकतात आणि एकेक मासा उचलून मागे होडीत झटकतात. गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळे मासा आपोआप सुटतो आणि काठी लगेच पुन्हा पाण्यात जाते. एका काठीला एक मासा. कासव अडकत नाही, पिल्लं जाळ्यात ओढली जात नाहीत. तोच ट्यूना उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवून लाकडासारखा कडक करतात आणि तो वर्षभर टिकतो.

कवरत्तीला पाण्याची गोष्ट कळते. या बेटांच्या वाळूखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थर करून तरंगत असतं. जास्त उपसलं की खालून खारं पाणी वर येतं. म्हणून 2005मध्ये इथे समुद्राचं पाणी गोडं करणारं केंद्र सुरू झालं, रोज एक लाख लिटर क्षमतेचं. वरचं कोमट पाणी हवेचा दाब कमी करून वाफेत बदलतात आणि खोल समुद्रातून ओढलेल्या थंड पाण्यानं ती वाफ थंड करतात. आपण जेवणानंतर बेफिकीरपणे हातावर ओततो ते पाणी इथे या खटाटोपातून आलेलं असतं.

लक्षद्वीपची सगळी जमीन मिळून सुमारे 32 चौरस किलोमीटर. लोक विचारतात, जहाज थेट धक्क्याला का लावत नाहीत, वाट खोदून मोठी का करत नाहीत? बेटकऱ्यांना बारमाही, सुरक्षित ये-जा हवी आहे आणि ती त्यांना मिळायलाच हवी. वादळी समुद्रात रुग्णाला होडीतून जहाजावर चढवणं सोपं नाही. पण पर्यटकांच्या सोयीसाठी प्रवाळ फोडणं ही वेगळी गोष्ट आहे. होडीनं जावं लागतं म्हणून एका वेळी मोजकीच माणसं उतरतात आणि संध्याकाळी परत जातात. पाणी, कचरा, प्रवाळ या सगळ्यांना झेपेल एवढाच भार पडतो. हजारो माणसं एकदम उतरली तर यातलं काहीच टिकणार नाही.

त्यामुळे जाणाऱ्यांनी आपल्या मनाशी काही ठरवून जावं. परवान्याला वेळ लागतो, तो लागू द्यावा. प्लास्टिक जहाजावर परत आणावं. दारूबंदी आहे, ती पाळावी. आणि संध्याकाळी होडीत चढताना शेजारी कोचीच्या दवाखान्यात निघालेलं कुणी असेल, तर पुढची जागा त्याला द्यावी. होडी त्याची आहे, आपण तिच्यातले पाहुणे आहोत.