जोत्याची उंची

जुन्या पनवेलमधल्या माझ्या मावशीच्या घरात पूर्वी दोन पायऱ्या चढून जायचो. आता एक पायरी उतरावी लागते. घर आहे तिथेच आहे. दर डांबरीकरणात रस्ता थोडा थोडा वर आला आणि शेजारी बैठं घर पाडून बांधलेल्या चार मजली घराने आपलं जोतं त्या रस्त्याच्याही वर कमरेएवढं उचललं.

पनवेलच्या पावसात ही उंची कुणाच्या घरात पाणी शिरणार ते ठरवते. पूर्वी कौलांवरच्या पागोळ्या परसात पडायच्या, माती पोटभर प्यायची आणि उरलेलं पाणी गटारातून गाढी नदीकडे जायचं. शेजारच्या नव्या घराला परसच नाही. कुंपणाच्या भिंतीपर्यंत फरशी आहे आणि गच्चीचा जाड पाइप थेट आळीत उघडतो. २६ जुलै २००५चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांची भीती खरी आहे, म्हणून भराव घालून घर वर उचलणाऱ्याला मी दोष देत नाही. पण त्या भरावाने शेजारचं जुनं घर खड्ड्यात जातं, हे नकाशा करणाऱ्याने पाहायला हवं होतं.

हे गाव जुनं आहे. रेल्वेच्या आधी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस गलबताने पनवेल बंदरात उतरायचा आणि पुढे बोरघाट चढायचा. नगरपालिका १८५२ची, महापालिका २०१६ची. या गावातल्या घराची ओटी अर्धी घराची, अर्धी आळीची असे. तिथे निवडणं-टिपणं चाले, टपाल वाचलं जाई, वाटसरू टेकत असे. नव्या घराच्या तळमजल्यावर गाड्या असतात. आळीतून चालताना दोन्ही बाजूंना लोखंडी फाटकं लागतात आणि माणसांचे आवाज दुसऱ्या मजल्याच्या काचेमागे राहतात. मला सगळ्यात जास्त हे लागतं.

गावठाणातल्या घरांची गोष्ट मात्र वेगळी धरायला हवी. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, कुटुंबं वाढली, आणि गावठाणाची हद्द तीच राहिली. जानेवारी १९८४मध्ये याच जमिनींसाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क त्या लढ्यातून आला. तीन भावांचे संसार मावावेत म्हणून आगरी-कोळी घरांवर चढलेल्या मजल्यांना ‘गरजेपोटीची घरं’ म्हणतात, आणि ते नाव रास्त आहे. विमानतळ आणि अटल सेतूमुळे भाव चढल्यावर चार माणसांसाठी अख्खा भूखंड भरून उभं राहणारं घर या नावाखाली बसत नाही.

एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, भूखंडाच्या मानाने बांधकामाचं क्षेत्रफळ मोजतो. सावली कुणाच्या अंगणात पडते, पाणी कुठे जातं, हे त्या आकड्यात नसतं. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यानुसार वीस वर्षं विनाअडथळा मिळालेल्या उजेड-वाऱ्यावर घराचा हक्क तयार होतो. पण तो सिद्ध करायला कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि शेजाऱ्याविरुद्ध ती कोण चढणार? अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराने २००८मध्ये याच दुखण्यावर नियम केला आणि भूखंडाच्या मानाने घर किती मोठं असावं यावर मर्यादा घातली. आपल्याकडे त्याच्या जोडीला जोत्याची उंची आणि उघडी माती यांचाही हिशेब हवा. नवं जोतं वर जाणार असेल, तर शेजारच्या पाण्याची वाट आधी आखून द्यावी. परवानगीच्या नकाशावर ती एक रेघ वाढेल, एवढंच.

मावशीने शेजाऱ्यांशी भांडण केलं नाही. गेल्या पावसात त्यांच्या मुलाला बोलावलं, चहा दिला आणि न्हाणीपर्यंत आलेल्या पाण्याची ओली खूण भिंतीवर दाखवली. मे महिन्यात त्यांनी फाटकाजवळची फरशी उखडून शोषखड्डा खणला आणि गच्चीचा पाइप त्यात सोडला. या वर्षी पाणी उंबरठ्याच्या चार बोटं खाली थांबलं.