अर्जेंटिनांतील पहिला फुटबॉल-हंगाम

फुटबॉलचें नांव निघालें कीं अर्जेंटिना देश आठवल्यावांचून राहत नाहीं. १९७८, १९८६ व २०२२ ह्या तीन सालीं त्या देशानें विश्वचषक जिंकला, हें आमच्या विद्यार्थ्यांस तोंडपाठ असेल. परंतु त्या देशांत ह्या खेळाची घडी प्रथम कोणीं बसविली, हें फारच थोड्यांस ठाऊक असतें. ती बसविण्यांत शाळामास्तरांचा मोठा हात होता. आणि पहिल्या खेपेस ती एका वर्षांतच विसकटली. ती कां विसकटली व पुन्हां कशी बसली, हें समजून घेण्याजोगें आहे.

आरंभीं ‘लीग’ म्हणजे काय तें पाहूं. ढाल किंवा चषक ह्यांकरितां होणाऱ्या सामन्यांत जो हरतो तो बाद होतो. त्यामुळें एखाद्या दिवसाच्या दैवयोगानें चांगला संघही घरीं बसतो. लीगमध्यें तसें नसतें. तींत प्रत्येक संघास इतर प्रत्येक संघाशीं ठरल्या तारखेस खेळावें लागतें. त्या काळीं विजयाबद्दल दोन गुण, बरोबरीबद्दल एक व पराभवाबद्दल शून्य अशी रीत होती. विजयास तीन गुण देण्याची हल्लींची रीत बरीच मागाहून आली. हंगामाच्या अखेरीस ज्याच्या गुणांची बेरीज अधिक, तो विजेता. परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागून अभ्यास करणाऱ्यास वर्षभराच्या चाचण्यांत जशी अब्रू राखतां येत नाहीं, तसेंच हें. इंग्लंडांत ही पद्धत १८८८ सालीं १२ क्लबांनीं सुरू केली, व स्कॉटलंडनें १८९० सालीं तिचा स्वीकार केला.

त्या वेळीं अर्जेंटिनाच्या राजधानींत, म्हणजे ब्युनॉस आयर्स शहरांत, रेल्वे, पेढ्या व व्यापार ह्यांच्या निमित्तानें पुष्कळ इंग्रज व स्कॉच लोक येऊन राहिले होते. काळ मोठा बिकट होता. १८९० सालीं देशावर आर्थिक अरिष्ट कोसळलें. राजधानींत बंड झालें. राष्ट्राध्यक्षांस पद सोडावें लागलें. आणि त्या देशाच्या कर्जांत गुंतलेली लंडनची बेअरिंग ही जुनी पेढी बुडण्याच्या बेतास आली. अशा दिवसांत पुढल्याच वर्षीं तेथें दक्षिण अमेरिकेंतील पहिली फुटबॉल लीग सुरू झाली! तिच्या उभारणींत सेंट अँड्र्यूज स्कॉट्स स्कूल ह्या शाळेचे शिक्षक अलेक लॅमॉन्ट हे प्रमुख होते.

लीगमध्यें पांच संघ उतरले: सेंट अँड्र्यूज, ओल्ड कॅलेडोनियन्स, बेल्ग्रानो, ब्युनॉस आयर्स फुटबॉल क्लब आणि ब्युनॉस आयर्स अँड रोझारिओ रेल्वे. प्रत्येकानें दुसऱ्या प्रत्येकाशीं दोनदां खेळावयाचें, म्हणजे वांट्यास आठ सामने, असें ठरलें. तो देश विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळें आपला उन्हाळा तो त्यांचा थंडीकडे झुकणारा काळ. म्हणून एप्रिलमध्यें हंगामास आरंभ झाला. शेवटीं गुण मोजून पाहतात तों सेंट अँड्र्यूज व ओल्ड कॅलेडोनियन्स ह्या दोहोंचे गुण सारखेच, तेरा-तेरा! अजिंक्यपद दोघांत वांटलें गेलें; परंतु पदकें कोणास द्यावयाचीं, हा प्रश्न राहिलाच. त्यासाठीं १३ सप्टेंबर रोजीं एक निराळा सामना झाला. तो सेंट अँड्र्यूजनें ३ विरुद्ध १ गोलांनीं जिंकला. आणि ते तिन्ही गोल मॉफट नांवाच्या एकाच खेळाडूनें केले. नवल असें कीं, त्याच वर्षीं खुद्द स्कॉटलंडच्या पहिल्या लीगमध्येंही डंबार्टन व रेंजर्स ह्यांचे गुण सारखे झाले, निकालाचा सामनाही बरोबरींत सुटला, व तेथेंही विजयाचा मान दोघांस मिळाला.

एवढा चुरशीचा हंगाम झाल्यावर दुसऱ्या वर्षीं खेळास भर यावा, असें कोणासही वाटेल. परंतु १८९२ सालीं लीग भरलीच नाहीं. ह्याचें एक कारण उघड दिसतें. त्या हंगामांतील खेळाडूंचीं नांवें वाचावीं तर तीं जवळजवळ सर्व ब्रिटिश आहेत. पोटाच्या उद्योगासाठीं परदेशीं आलेल्या प्रौढ माणसांच्या हौशीवर ती लीग उभी होती. तिला खालून आधार देणारी पोरांची पिढी अद्याप तयार व्हावयाची होती.

ती पिढी एक दुसरे शिक्षक तयार करीत होते. त्यांचें नांव अलेक्झांडर वॉटसन हटन. ह्यांचा जन्म १८५३ सालीं ग्लासगो येथें झाला. लहानपणींच ते पोरके झाले. तरी एडिंबरो विद्यापीठांत शिकून ते पदवीधर झाले, आणि १८८२ सालीं वर सांगितलेल्या सेंट अँड्र्यूज शाळेचे मुख्याध्यापक होऊन ब्युनॉस आयर्स येथें आले. मैदानी खेळ हा शिक्षणाचा भाग आहे, असें त्यांचें ठाम मत होतें. शाळेनें क्रीडांगण वाढवावें व व्यायामशाळा बांधावी, हा त्यांचा आग्रह चालकांस पटला नाहीं. तेव्हां त्यांनीं ती जागा सोडली, व १८८४ सालीं ‘इंग्लिश हायस्कूल’ ही स्वतःची शाळा काढली. तेथें चेंडू व मैदान ह्यांस पुस्तकाच्या बरोबरीचें स्थान मिळालें.

बंद पडलेली लीग हटनसाहेबांनींच पुन्हां उभी केली. २१ फेब्रुवारी १८९३ रोजीं नवी संस्था स्थापन होऊन ते तिचे अध्यक्ष झाले. अर्जेंटिनाचा फुटबॉल-संघ आपला स्थापनादिन म्हणून हाच दिवस मानतो. त्या वर्षीं लोमास हा क्लब पहिला आला. हटनसाहेबांच्या विद्यार्थ्यांस मात्र बरीच वर्षें वाट पाहावी लागली. १९०० सालीं त्यांचा संघ प्रथम विजयी झाला. पुढें, संघास शाळेचें नांव देणें ही जाहिरात होय असा आक्षेप निघाल्यावरून १९०१ पासून तो ‘अॅल्युम्नाय’, म्हणजे माजी विद्यार्थी, ह्या नांवानें खेळूं लागला. १९०० ते १९११ ह्या बारा वर्षांत त्यानें दहा वेळां अजिंक्यपद मिळविलें. नंतर तो संघही मोडला. पण आतां लीग मोडली नाहीं. १९१३ सालीं रेसिंग क्लब विजयी झाला, आणि खेळ परक्यांच्या हातून देशाच्या लेकरांच्या हातीं गेला.

१८९१ च्या हंगामांत उत्साह होता, कौशल्य होतें, पदकेंही होतीं. मागून येणारीं मुलें तेवढीं नव्हतीं. हटनसाहेबांनीं ती उणीव शाळेच्या मैदानांत भरून काढली, आणि तिचें फळ दिसावयास सोळा वर्षें लागलीं. संध्याकाळीं मुलगा धुळीनें माखून घरीं आला म्हणजे त्याचा वेळ वायां गेला असें मानणाऱ्या पालकांनीं ही हकीकत एकदां मनांत घोळवावी. आणि पहिल्याच सामन्यांत हरल्यावर चेंडू अडगळींत टाकणाऱ्या मुलांनींही.