परीक्षा कोणती द्यावी?

नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या महामार्गावर, जेथून चंद्रपूरचा रस्ता फुटतो, तेथे समुद्रपूर तालुक्यातील जाम हे गाव आहे. या टापूतील विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला बारावीच्या वर्षी बोर्डाच्या परीक्षेखेरीज आणखी एक निर्णय करावा लागतो: जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटी यांपैकी कोणत्या परीक्षेसाठी आपले श्रम आणि वडिलांचा पैसा खर्ची घालावा?

पुष्कळ घरांत हा निर्णय परीक्षेच्या लौकिकावरून होतो, आणि ही रीत मला घातक वाटते. परीक्षा हे ठरावीक संस्थांत प्रवेश मिळविण्याचे साधन आहे. तेव्हा आधी महाविद्यालय मनाशी निश्चित करावे आणि मग त्याची परीक्षा पाहावी. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत बी.टेक.साठी जावयाचे तर जेईई मेनवाचून गत्यंतर नाही. सेवाग्रामला किंवा सावंगी मेघेला डॉक्टर व्हावयाचे तर नीट अपरिहार्य. परंतु राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या बहुतेक जागा, आणि औषधनिर्माणशास्त्र व कृषी यांचे प्रवेश, मुख्यत्वे सीईटीच्या गुणांवर होतात.

सेवाग्रामचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर करतो. डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ साली स्थापन झालेली तेथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था दीर्घकाळ स्वतःची प्रवेशपरीक्षा घेत असे, आणि तीत विज्ञानाच्या विषयांबरोबर गांधीविचारांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका सोडवावी लागे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये रद्द ठरविलेली नीट एप्रिल २०१६ मध्ये पुन्हा अमलात आली, आणि देशभर एकच कसोटी असावी या धोरणापुढे ती पत्रिका लोपली. गावोगावच्या परीक्षाकेंद्रांवर मुलांची होणारी दमछाक थांबली, हा लाभ मी कमी लेखीत नाही. परंतु खेड्यातील रोग्याची सेवा करण्याची ओढ ज्याला आहे असा विद्यार्थी हुडकून काढण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न त्यात विराम पावला, याचे मला मनापासून दुःख होते. अभियांत्रिकीच्या बाबतीत सरकारने उलट दिशेने माघार घेतली: २०१४ व २०१५ साली राज्यातील प्रवेश जेईई मेनवरून केले आणि २०१६ पासून पुन्हा सीईटीचा अंमल सुरू झाला.

आता या परीक्षांची घडण पाहू. जेईई मेनमध्ये तीन तासांत ७५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नास जवळजवळ अडीच मिनिटे. नीटमध्ये तेवढ्याच वेळात १८०. आणि सीईटीत भौतिक व रसायन मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नागणिक एक मिनिटही नाही. पहिली परीक्षा विचाराची खोली मागते, तर तिसरी हाताची सफाई व पाठ्यपुस्तकावरील पकड. सीईटीचा सुमारे ८० टक्के भाग बारावीच्या व २० टक्के अकरावीच्या अभ्यासक्रमावर असल्यामुळे बालभारतीची पुस्तके नीट वाचलेल्या मुलास ती परकी वाटत नाही. शिवाय चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये. नीटमध्ये बरोबर उत्तरास चार गुण मिळतात व चुकीस एक जातो; चारांपैकी दोन पर्याय निश्चित बाद करता आले तर उत्तर देणे हिशेबाने लाभदायक, एकही बाद करता येत नसेल तर पदरात जवळजवळ काहीच पडत नाही. मराठीतून परीक्षा देणाऱ्यांनी मात्र एक ध्यानी ठेवावे: नीट व जेईई मेन मराठीत देता येतात, पण सीईटीची गणिताची पत्रिका इंग्रजीतच असते.

निकालातील पर्सेंटाइल म्हणजे टक्केवारी नव्हे. ९० पर्सेंटाइलचा अर्थ शंभरातील नव्वद उमेदवारांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी आहेत, एवढाच. शेकडा साठ गुणांवरही तो आकडा लाभू शकतो, म्हणून तो पाहून हुरळू नये वा खचू नये.

माझे मत विचाराल तर, या भागातील ज्या मुलाला अभियंता व्हावयाचे आहे पण राष्ट्रीय संस्थांचाच आग्रह नाही, त्याने सीईटी मुख्य धरावी आणि जेईई मेन त्याच तयारीच्या बळावर द्यावी. आणि अधिवास, जात पडताळणी व नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यांचे अर्ज निकालाची वाट न पाहता बारावीच्या दिवाळीपूर्वीच दाखल करावेत. चांगले गुण हाती असूनही कागदाची मुदत टळल्यामुळे राखीव जागा हातची जाते.