धुलाईयंत्राची चकती फिरेना तेव्हा

दोन टाक्यांच्या धुलाईयंत्रात पाणी भरले, कळ फिरवली, पण तळाची चकती जागची हलत नाही. यंत्र तसेच चालू ठेवाल, तर मोटार जळेल. आधी प्लग काढा, कपडे उपसा, चकती हाताने फिरवून पाहा. अडली, तर खाली नाणे, पिन, नाहीतर बाळाचा मोजा सापडायचा! चकती मोकळी आहे, मोटारही भरभर फिरते, तर पट्टा निसटला असे समजावे. मोटार नुसतीच घुमत असेल, तर विजेचा दाब कमी असेल. पुरा दाब असताना पुन्हा चालवून पाहावे. तरीही घुमतेच? मग बहुधा कपॅसिटर गेला. त्याला मात्र आपण हात लावू नये. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते, आणि तिचा झटका जबर असतो. ते काम कारागिराकडे द्यावे.