विरघळणारी काच आणि गुरांची प्रकृति

तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली पैसाफंडाचा काचकारखाना निघाला, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यास काच नवी नाही. ती वाळूची असल्याने पाण्यांत टिकते. वाळूऐवजी स्फुरद घातल्यास मात्र काच विरघळते. सोडा वाढविल्यास लवकर, चुना वाढविल्यास सावकाश. सारा खेळ प्रमाणाचा! अमेरिकेंत हेंच यांनी १९६९ साली वाळू शेकडा ४५ वर आणून केलेली काच हाडास सांधते; सुमारे साठावर गेल्यास सांधत नाही.

स्फुरदाच्या काचेंत तांबे, कोबाल्ट व सेलेनियम मिसळून केलेले गोळे विलायतेंत गुरांच्या पोटांत सोडतात. ते कित्येक महिने झिजत राहून ही द्रव्ये पुरवितात. पारगावकर बंधूंनी मात्र आधी गुरांचे रक्त तपासून घ्यावे. तांबे अधिक झाल्यास मेंढी दगावते.