काळी बिअर आणि जिभेची साक्ष

पेल्यातले पेय डांबरासारखे काळे आहे आणि वर तपकिरी फेस आहे. ते किती कडक असेल? पाहणारा बहुधा 'खूप' असेच म्हणेल. इंपीरियल स्टाउट या बिअरच्या बाबतीत हे उत्तर बरोबर ठरते. तिच्यात मद्यार्काचे प्रमाण आकारमानाने ८ ते १२ टक्के असते. पण तितक्याच काळ्या दिसणाऱ्या, डब्लिनच्या गिनेस ड्राफ्ट स्टाउटमध्ये ते जेमतेम ४.२ टक्के असते. म्हणजे डोळ्यांची साक्ष इथे कुचकामी. मग परीक्षकाने विश्वास ठेवायचा तरी कशावर? हा मापनाचा प्रश्न आहे, म्हणून आम्ही तो या पानांवर घेतला आहे.

आधी काळेपणा येतो कुठून ते पाहू. नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून आपल्याकडे सत्त्व करतात. बिअरसाठी सातूला मोड आणून वाळवतात. त्याला माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात जी विकरे तयार होतात ती पुढे गरम पाण्यात पिष्टाची साखर करतात आणि यीस्ट त्या साखरेपासून मद्यार्क बनवते. कडकपणा ठरतो तो ही साखर किती होती यावर. रंगाचे काम मात्र कॉफीसारखे काळे होईपर्यंत भाजलेले थोडे दाणे करतात. फिरत्या पिंपात असे भाजण्याचे पेटंट इंग्लंडमध्ये डॅनियल व्हीलरने १८१७ साली घेतले. शंभर भाग धान्यात असे दहाएक भाग घातले की सारे पेय काळेभोर होते. ('इंपीरियल' हे नाव त्याहून जुन्या इतिहासाचे आहे: अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनची कडक स्टाउट रशियाच्या सम्राज्ञीच्या दरबारी जात असे.)

साखर मोजणे सोपे आहे. दुधवाल्याच्या लॅक्टोमीटरच्या जातीचेच, द्रवात तरंगणारे उपकरण पुरते. आंबवण्यापूर्वी इंपीरियल स्टाउटच्या रसाची सापेक्ष घनता १.०७५ ते १.११५ असते, आंबून झाल्यावरही ती १.०१८ ते १.०३० उरते, म्हणजे बरीच साखर यीस्टने खाल्लेली नसते. कडवटपणा हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांतून येतो, आणि तोही प्रयोगशाळेत मोजतात. त्याचे एक एकक म्हणजे साधारणपणे लिटरमागे एक मिलिग्रॅम कडू द्रव्य. या बिअरमध्ये अशी ५० ते ९० एकके असतात. पण उरलेली साखर हा कडूपणा झाकते, भाजलेले दाणे त्यात आपला वेगळा कडूपणा मिसळतात, मद्यार्क घशाला ऊब देतो. या सगळ्यांचा मेळ जमला की नाही हे कुठलेच उपकरण सांगत नाही. तिथे माणूसच हवा.

अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेल्या 'बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम'च्या गुणपत्रिकेत एकूण ५० गुण असतात. त्यांतले वासाला १२, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५, एकंदर परिणामाला १० आणि रूपाला फक्त ३! आम्हाला ही वाटणी शहाणपणाची वाटते. पेला हाती येताच परीक्षक आधी वास घेतो, कारण उडून जाणारी द्रव्ये त्याच्यासाठी थांबत नाहीत. कॉफी, चॉकलेट, मनुका यांची आठवण देणारे वास इथे अपेक्षित आहेत. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअरला हवा लागली असे समजतात, आणि नखांच्या रंगासारखा वास आला तर बहुधा ती फार उष्ण ठेवून आंबवलेली असते. पेय बर्फासारखे गार असेल तर ही द्रव्ये वाफ होऊन नाकापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून ते १० ते १३ अंश सेल्सिअसला ठेवतात.

ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग हा घशामागून नाकात चढणारा वासच असतो. नाक दाबून आंबावडी खाऊन पाहा. नुसते गोड-आंबट लागते. बोटे काढली की आंबा येतो.

इथे पुस्तकांत वर्षानुवर्षे छापल्या गेलेल्या जिभेच्या नकाशाचीही दखल घ्यायला हवी. टोकाला गोड, मागे कडू, असे कप्पे जिभेवर नाहीत. हेनिग या जर्मन संशोधकाने १९०१ साली वेगवेगळ्या जागी संवेदनशीलतेत थोडासा फरक नोंदवला होता. पुढे आलेखाच्या चुकीच्या वाचनातून त्याचा नकाशा झाला. कडू चव जिभेच्या टोकालाही कळते. शंका असेल तर कडू कारल्याची चकती टोकाला लावावी.

जीभ आणि नाक एवढे कामाचे असले तरी मन त्यांना सहज फितवते. फ्रान्समध्ये बोर्दो येथे वाइनचे शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बिनवासाच्या लाल रंगाने रंगवून दिली, तेव्हा त्यांनी तिच्या वासाचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. हा प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. म्हणून परीक्षकांना बिअर कोणाची हे सांगत नाहीत, आणि नुसता फरक ओळखायचा असेल तेव्हा त्रिकोणी चाचणी घेतात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यात १९४०च्या दशकात ती रुळली. पेले तीन, त्यांतले दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते सांगायचे.

वर्गात ही चाचणी कोऱ्या चहावर छान होते. एका भांड्यात लिटरला ४० ग्रॅम साखर, दुसऱ्यात ५० ग्रॅम. कप सारखे, चहा सारखाच कोमट, कपांवर अर्थहीन तीन आकडी क्रमांक. कपांचा क्रम दर मुलाला बदलावा, आणि कप देणाऱ्यालाही तो ठाऊक नसावा. सगळ्यांनी नुसते अंदाज मारले तरी १२ जणांत सरासरी ४ बरोबर येणारच. ८ किंवा अधिक जण केवळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता शंभरात सुमारे २ आहे, तेव्हा ८ आले तर फरक जाणवतो असे मानायला हरकत नाही. ७ आले तर ती शक्यता शंभरात जवळजवळ ७ होते आणि रूढ ५ टक्क्यांच्या मर्यादेत निकाल बसत नाही. अशा वेळी आणखी चार मुलांना बोलावण्याचा मोह होतो. तो टाळावा, किती मुले बसवायची हे चहा उकळण्यापूर्वीच फळ्यावर लिहून टाकावे. ३० मुले असतील तर निदान १५ बरोबर यायला हवीत.