पर्यटनाचा जमाखर्च आणि इटलीची आडवाटेची गावे

शहरात येणाऱ्या मालावर जकात घेण्याची प्रथा आपल्याला अपरिचित नाही. तीर्थक्षेत्री येणाऱ्या यात्रेकरूंकडून यात्राकर घेणाऱ्या नगरपालिकाही आपल्याकडे होऊन गेल्या. परंतु एखाद्या जगप्रसिद्ध शहराने, केवळ ते पाहावयास येणाऱ्या माणसाकडून वेशीवरच पैसे मागावेत, हा प्रकार नवा होता. व्हेनिसच्या नगरपालिकेने २५ एप्रिल २०२४ पासून, मुक्काम न करता दिवसापुरत्या येणाऱ्या प्रवाशांवर, गर्दीच्या निवडक दिवशी पाच युरोंचे प्रवेशशुल्क बसविले. त्या वर्षीच्या २९ दिवसांत सुमारे ४ लाख ८५ हजार प्रवाशांनी ते भरले आणि पालिकेच्या तिजोरीत सुमारे २४ लाख युरोंची भर पडली. २०२५ मध्ये अशा दिवसांची संख्या ५४ करण्यात आली आणि आयत्या वेळी नोंदणी करणाऱ्यांसाठी शुल्क दुप्पट झाले. तिजोरीत भर पडली. गर्दी हटली, असे मात्र कोणास छातीठोकपणे म्हणता आले नाही. त्यात नवल नाही. हजारो मैलांवरून आलेला प्रवासी पाच युरोंसाठी माघारी फिरत नाही. मागणीची लवचिकता ज्याला ठाऊक आहे, त्याला हा निष्कर्ष आधीच सांगता आला असता.

शुल्काने गर्दी हटत नाही, म्हणून आता दुसरा उपाय सुचविला जातो. रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस या त्रिस्थळीत अडकून न पडता प्रवाशांनी इटलीतील अल्पपरिचित गावांकडे वळावे, म्हणजे मोठ्या शहरांवरील भार हलका होईल आणि ओस पडत चाललेल्या गावांना चार पैसे मिळतील, असा हा युक्तिवाद आहे. तो वरवर पाहता निर्दोष दिसतो. इटलीत सुमारे ७,९०० नगरपालिका-ग्रामपालिका आहेत आणि त्यांपैकी दहांतील सातांची वस्ती पाच हजारांहून कमी आहे. पाहण्याजोगी गावे कमी नाहीत. ती पाहायला जावे, हेही खरे. प्रश्न आहे तो कोणती गावे पाहावीत आणि कशी, हा. त्याचे उत्तर देण्यापूर्वी पर्यटनाच्या हिशेबाकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे.

नावेची बाजू

आपल्या वाणिज्य महाविद्यालयांत दरवर्षी हजारो विद्यार्थी द्विनोंदी पद्धतीचे हिशेब शिकतात. या पद्धतीची पहिली छापील आणि पद्धतशीर मांडणी १४९४ साली व्हेनिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या गणितग्रंथात आढळते. त्याचा कर्ता लुका पाचोली हा फ्रान्सिस्कन पंथाचा साधू तस्कनी प्रांताच्या पूर्व टोकाशी असलेल्या सान्सेपोल्क्रो या लहानशा गावचा. पद्धत पाचोलीने शोधली नाही. व्हेनिसचे व्यापारी ती आधीपासून वापरीत होते. परंतु प्रत्येक जमेला कोठेतरी नावे असलेच पाहिजे, हा तिचा दंडक त्याने जगाला शिकविला. पर्यटनाचे हिशेब मांडताना नेमका हाच दंडक विसरला जातो. हॉटेलांचे उत्पन्न, उपाहारगृहांची विक्री, मिळालेले परकीय चलन हे सारे जमेस धरले जाते. नावेची बाजू कोरीच राहते.

व्हेनिसच्या खात्याला ती लिहायची झाल्यास एकच नोंद पुरेशी आहे. बेटांवरील जुन्या शहरात १९५१ साली सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये ही संख्या ५० हजारांच्या खाली गेली. १९६६ चा महापूर, मुख्य भूमीवरील कारखाने आणि तेथील स्वस्त घरे ही कारणे खरीच. परंतु भाडेकरू कुटुंबापेक्षा चार दिवसांचा पाहुणा घरमालकाला अधिक किफायतशीर ठरू लागला, की कुटुंबाने बाहेर पडावे आणि पाहुण्याने आत यावे, हा बाजाराचा क्रम ठरलेलाच आहे. त्यामागोमाग किराणा दुकानाच्या जागी मुखवट्यांचे दुकान येते. शहर उभे राहते, परंतु त्यातले नागरिक उरत नाहीत.

तिकीटच जाहिरात

मग लहान गावांचे काय? रोमच्या उत्तरेस चिव्हिता दि बान्योरेजो नावाचे गाव एका ठिसूळ खडकाच्या माथ्यावर वसलेले आहे. खडक सतत ढासळत असतो. त्या भागातीलच एक लेखक बोनाव्हेंतुरा तेक्की यांनी त्याला ‘मरणारे शहर’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. पायपुलावरूनच तेथे जाता येते. २०१३ साली स्थानिक पालिकेने तेथे दीड युरोचे प्रवेशतिकीट ठेवले आणि उलटेच घडले. ज्या गावात जाण्यासाठी पैसे पडतात ते पाहण्यासारखे असलेच पाहिजे, असा लोकांचा समज झाला. काही वर्षांतच हजारोंच्या जागी लाखो लोक येऊ लागले. उत्पन्न इतके वाढले की पालिकेने रहिवाशांवरील स्थानिक कर माफ केले. जमेची बाजू इतकी भक्कम झालेले दुसरे गाव दाखविणे कठीण. परंतु त्या खडकावर कायम राहणाऱ्या माणसांची संख्या आजही डझनाच्या आसपासच आहे. पैसा आला, वस्ती परतली नाही.

सिसिलीतील सांबुका या गावाने २०१९ मध्ये पडीक घरे एक युरोपासून लिलावात काढली, तेव्हाही जगभर गाजावाजा झाला. ठरावीक मुदतीत दुरुस्ती करण्याची अट घालून अशी घरे विकणारी इतरही गावे आहेत. त्यातून गवंडी-सुतारांना काम मिळते, कोसळणाऱ्या भिंती सावरतात, हे मान्य केले पाहिजे. तथापि परदेशी मालक वर्षाकाठी काही आठवडे येऊन राहतो. त्याची मुले गावच्या शाळेत जात नाहीत. घर सावरले म्हणजे गाव सावरले, असे होत नाही.

ज्यांना स्वतःचे काम आहे

याच्या उलट उदाहरण क्रेमोनाचे. मिलानहून पॅसेंजर गाडीने साधारण तासाभराच्या वाटेवर असलेले हे शहर बहुतेक सहलींच्या यादीत नसते. सोळाव्या शतकात आंद्रेया आमाती याने येथे व्हायोलिन घडविण्याची परंपरा सुरू केली आणि १७३७ साली मरण पावलेल्या स्त्रादिव्हारीने ती शिखराला नेली. पुढे ही कला जवळजवळ लयास गेली होती. १९३८ साली येथे व्हायोलिन घडविण्याची शाळा काढण्यात आली आणि तिच्यातूनच कलेचे पुनरुज्जीवन झाले. आज शहरात शंभराहून अधिक कारागिरांच्या कार्यशाळा आहेत. २०१२ मध्ये युनेस्कोने या कारागिरीचा अमूर्त वारशात समावेश केला. २०१९ च्या आरंभी जुन्या व्हायोलिनांचे सूर ध्वनिमुद्रित करावयाचे होते, तेव्हा संग्रहालयाभोवतीचे रस्ते वाहनांना काही आठवडे बंद ठेवण्यात आले आणि नगराध्यक्षांनी नागरिकांना आवाज न करण्याची विनंती केली. पर्यटकांच्या सोयीसाठी नव्हे, तर आपल्या धंद्याच्या कामासाठी शहर गप्प राहिले. तेथे जाणारा प्रवासी जे पाहतो, ते त्याच्यासाठी मांडलेले नसते. म्हणूनच ते पाहण्यासारखे असते.

क्रेमोना-मांतोव्हाच्या परिसरात आणखी एक गोष्ट भारतीय प्रवाशाच्या नजरेस पडावी. पो नदीच्या या सुपीक खोऱ्यात दुधाचा व चीजचा मोठा व्यवसाय आहे आणि गेल्या चार दशकांत गोठ्यांतील पहाटेच्या कामाचा मोठा भार पंजाबातून आलेल्या शिखांनी उचलला आहे. जवळच्या रेज्जो एमिलिया जिल्ह्यातील नोव्हेलारा या गावी मोठा गुरुद्वारा आहे. २००० साली त्याच्या उद्घाटनास युरोपीय आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष रोमानो प्रोदी उपस्थित होते. स्थानिक तरुण ज्या कामाकडे पाठ फिरवीत होते, ते काम दूरच्या माणसांनी हाती घेतले, कुटुंबे आणली, मुलांना तेथल्या शाळांत घातले. गाव जगविण्याचा हाही एक मार्ग आहे आणि तो कोणत्याही पर्यटन-पुस्तिकेत सापडत नाही.

रोम-अँकोना लोहमार्गावरील फाब्रियानोचे उदाहरण मात्र सावधगिरी शिकविणारे आहे. तेराव्या शतकापासून येथे कागद बनतो. कागदातील जलचिन्हाची पद्धत येथेच विकसित झाली आणि तिचे उत्तम संग्रहालय एका जुन्या मठात पाहावयास मिळते. विसाव्या शतकात घरगुती यंत्रांच्या कारखान्यांनी गावाला भरभराट आणली. २००८ नंतर त्या उद्योगाला उतरती कळा लागली आणि २०२४ मध्ये कार्यालयीन कागदाचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय झाल्याने कागदकामगारांच्याही नोकऱ्या धोक्यात आल्या. संग्रहालय सुरू आहे. परंतु संग्रहालयाची तिकिटे विकून कारखान्याचे पगार निघत नाहीत.

दूर म्हणजे किती दूर?

याचा अर्थ सरकारने हातावर हात ठेवून बसावे असा नव्हे. मंत्रिपद भूषविलेले अर्थतज्ज्ञ फाब्रित्सिओ बार्का यांच्या पुढाकाराने २०१३ च्या सुमारास इटलीने ‘अंतर्गत प्रदेशां’साठी एक राष्ट्रीय धोरण आखले. त्यातील व्याख्या मोठी उद्बोधक आहे. एखादे गाव दूरचे की जवळचे हे राजधानीपासूनच्या अंतरावर ठरवायचे नाही. माध्यमिक शाळा, तातडीच्या उपचारांचे रुग्णालय आणि बऱ्या दर्जाचे रेल्वे स्थानक या तिन्ही सोयी असलेल्या केंद्रापर्यंत पोहोचण्यास किती मिनिटे लागतात, यावर ठरवायचे. या मोजमापाने देशाचा निम्म्याहून अधिक भूभाग आणि लोकसंख्येचा सुमारे पाचवा हिस्सा दूरचा ठरला. गाव सोडून जाणारा तरुण नेमका याच तीन गोष्टींच्या शोधात जातो, हे ओळखणारी ही व्याख्या होती.

पुढील वाटचाल मात्र तितकी समंजस राहिली नाही. साथरोगानंतरच्या पुनरुत्थान निधीतून २०२२ मध्ये प्रत्येक प्रदेशातील वा स्वायत्त प्रांतातील एक याप्रमाणे २१ गावांना प्रत्येकी दोन कोटी युरो मंजूर झाले. एकीकडे अशी लॉटरी आणि दुसरीकडे २०२५ च्या सरकारी आराखड्यात काही प्रदेशांची घसरण अपरिवर्तनीय मानून त्यांना त्या वाटेवर केवळ सोबत करण्याची भाषा! तिच्यावर इटलीतच तीव्र टीका झाली आणि ती योग्यच होती. ज्या गावाची शाळा आणि बस आपण आधी बंद केली, त्याचे मरण नैसर्गिक होते असा दाखला देण्याचा अधिकार कोणत्याही शासनास नाही.

प्रवाशाने काय करावे?

धोरणे आखणे प्रवाशाच्या हाती नसते. परंतु आपण काय विकत घेतो, हे त्याच्या हाती असते. मराठी प्रवासी आता मोठ्या संख्येने युरोपास जातो. दहा-बारा दिवसांत पाच-सहा देश, इटलीच्या वाट्याला तीन-चार दिवस, त्यात पिसाच्या कलत्या मनोऱ्यास हात लावल्यासारखे छायाचित्र, हा क्रम बहुतेकांच्या परिचयाचा आहे. आयुष्यात एकदाच जाणाऱ्याने रोम किंवा फ्लॉरेन्स टाळावे असे सांगणे आढ्यतेचे होईल. परंतु ज्याला दुसऱ्यांदा जाणे शक्य आहे, अथवा जो सहलीऐवजी स्वतंत्र जाऊ शकतो, त्याने एकच साधी कसोटी लावावी: या गावातील लोक माझ्याखेरीज आणखी कशावर जगतात?

या कसोटीस क्रेमोना उतरते. विद्यापीठाचे शहर फेरारा उतरते. भूकंप आणि बेकारी सोसूनही फाब्रियानो उतरते. पाचोलीचे सान्सेपोल्क्रोही उतरते. आरेत्सोहून बसने तेथे जाता येते. गावच्या संग्रहालयात पिएरो देला फ्रान्चेस्का या तेथीलच चित्रकाराचे ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचे भित्तिचित्र आहे. ऑल्डस हक्सली यांनी १९२५ मध्ये त्यास जगातील सर्वोत्तम चित्र ठरविले होते. १९४४ साली या गावावर तोफा डागण्याचा हुकूम असलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यास, अँथनी क्लार्क यास, वाचलेल्या त्या निबंधाची आठवण झाली आणि त्याने मारा थांबविला. त्याच्या नावाचा रस्ता आज गावात आहे.

अशा गावी जाताना काही गैरसोयी गृहीत धराव्यात. इंग्रजी फारसे चालणार नाही, गाड्या क्वचित असतील, आणि दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याचा बाणा केवळ पुण्याचा नाही हेही कळेल. त्या बंद दारांकडे रागाने पाहू नये. दुकानदार जेवायला घरी जातो, याचा अर्थ त्याचे घर अद्याप गावातच आहे. दिवसाची धावती फेरी न करता दोन रात्री मुक्काम करावा, कारण मुक्कामाचा पैसा गावात फिरतो आणि फेरीचा पैसा बसगाडीबरोबर निघून जातो. कार्यशाळेतून वस्तू घ्यावी, आठवडी बाजारातून फळे घ्यावीत. आणि परतल्यावर ‘कोणालाही ठाऊक नसलेले गाव’ म्हणून त्याची दवंडी पिटू नये. चिव्हिताची कथा अशाच दवंडीतून घडली.

पर्यटन हा जेवणातील लोणच्यासारखा पदार्थ आहे. ताटात असावा, चवीने खावा; परंतु त्यावर पोट भरण्याचा प्रयत्न कोणी करू नये आणि शासनाने तर तसा सल्ला मुळीच देऊ नये. ज्या गावात शाळेची घंटा वाजते, दवाखाना उघडा आहे आणि सकाळची गाडी वेळेवर सुटते, ते गाव पाहुण्यांचे स्वागत आपल्या पायांवर उभे राहून करू शकते. ज्यापाशी हे काहीच उरले नाही, त्याच्या खात्यावर पाहुण्यांची कितीही रक्कम जमा झाली तरी ताळेबंद जुळणार नाही.